जुन्या गाडीचे स्पीकर बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या जुन्या गाड्यांचे मालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आमचं मत आधीच सांगतो. खाडीकाठच्या या दमट हवेत स्पीकर किती टिकेल आणि कसा वाजेल हे ब्रँडपेक्षा दरवाजावर ठरतं. आत पाणी कुठून येतं, पत्रा किती थरथरतो आणि वायर कशी जोडली आहे, एवढं नीट केलं तर मध्यम किमतीचा स्पीकरही वर्षानुवर्षं छान वाजतो.

१. आवाज खरखरतो. म्हणजे स्पीकर गेलाच का?

असंच असेल असं नाही. खरेदीला निघण्याआधी अर्धा तास तपासणीला द्या. स्टिरिओच्या बॅलन्स (डावा-उजवा) आणि फेडरने (पुढचा-मागचा) एकेक स्पीकर वेगळा वाजवून पाहा, खरखर नेमकी कुठून येते ते कळेल. मग डेकमागच्या (म्हणजे त्याच स्टिरिओमागच्या) कपलरवर, वायर जोडायच्या प्लास्टिकच्या सॉकेटवर, डाव्या आणि उजव्या वायरची अदलाबदल करा. खरखर दुसऱ्या बाजूला गेली तर दोष डेकमध्ये आहे. त्याच बाजूला राहिली तर वायर किंवा स्पीकर.

आता वायर सोडवून स्पीकरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. ४ ओहमचा चांगला स्पीकर ३.२ ते ३.८ ओहम दाखवतो. आकडाच आला नाही तर कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) तुटली आहे. १ ओहमच्या खाली आला तर कॉइल जळून शॉर्ट झाली आहे, तो स्पीकर डेकला पुन्हा जोडू नका. आकडा बरोबर असूनही खरखर असेल तर कोनच्या (समोरच्या थरथरणाऱ्या पडद्याच्या) मध्याभोवती चार बोटं ठेवून अलगद, सारखा दाब देऊन कोन आत ढकला. घासल्याचा बारीक आवाज आला तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे.

२. एका दाराचा स्पीकर मधूनच बंद होतो आणि दार आपटलं की सुरू होतो. का?

बिजागरीजवळ दार आणि बॉडी यांच्या मधे जी रबरी नळी असते, तिच्यात वायर तुटलेली असते. दार उघडझाप होताना वायर रोज त्याच जागी वाकते. वरचं आवरण शाबूत दिसतं, आतलं तांबं मात्र तुटलेलं असतं. नळी एका बाजूने ओढून काढा आणि प्रत्येक वायर हलकेच ताणून पाहा. रबरासारखी लांबली तर ती तुटलेली आहे. जोड नळीच्या आत देऊ नका, तिथे तो टिकत नाही. दाराच्या आतपासून बॉडीच्या आतपर्यंत बारीक तारांची, मऊ आवरणाची अखंड नवी वायर ओढा. पॉवर विंडोच्या वायरही त्याच नळीतून जातात, त्या लगेच पाहून घ्या.

३. आपल्याकडे स्पीकर इतक्या लवकर का सडतात?

बहुतेक वेळा आधी सडतो तो कोनभोवतीचा फोमचा गोल काठ. दमट हवेत फोम रासायनिकरीत्या तुटत जातो. बोट लावलं की चुरा पडू लागला म्हणजे संपला. त्यानंतर कागदी कोन ओल शोषून मऊ पडतो आणि खाऱ्या हवेने लोखंडी सांगाडा व टर्मिनल गंजतात. म्हणून निवड करताना काठ रबराचा, कोन पॉलिप्रॉपिलीनचा किंवा नीट कोटिंग केलेल्या कागदाचा आणि सांगाडा चांगल्या रंगाचा हवा. दुकानात स्पीकर उलटा करून टर्मिनल पाहा. काउंटरवर पडून राहिलेल्या मालाच्या टर्मिनलवर हिरवट थर दिसला तर तो नग घेऊ नका.

४. माझ्या गाडीत कोणतं माप बसेल?

छोट्या जुन्या गाड्यांत ४ इंची, ५.२५ इंची आणि ६.५ इंची ही मापं येतात, मागच्या ट्रेवर ६ बाय ९ इंची ओव्हल. पण मॉडेलच्या नावावरून माप ठरवू नका. दहा-पंधरा वर्षांत मधल्या मालकाने काय कापलं, काय वाढवलं हे सांगता येत नाही. दाराचं आतलं पॅड काढून स्वतः मोजा.

तीन मापं लागतात. पत्र्यातल्या भोकाचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि खोली. नाव ‘साडेसहा इंच’ असलं तरी त्याला लागणारं भोक साधारण पाच ते पावणेसहा इंचांचं असतं, त्यामुळे डब्यावर छापलेलं कटआउटचं माप पाहा. खोली मोजताना काच पूर्ण खाली हवी, कारण अडचण तिथेच होते. काच वर असताना स्पीकर झकास बसतो, नंतर काच खाली केली की चुंबकावर आपटते. जुना स्पीकर काढला की कणकेचा जाडसर गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून भोकातून आत धरा, काच सावकाश खाली-वर करा आणि दबलेल्या कणकेची जाडी मोजा. त्यातले किमान ५ मिलिमीटर मोकळे सोडा. खोली कमी पडली तर स्पीकर थोडा बाहेर आणणारी स्पेसर रिंग लावता येते (प्रश्न ९), पण मग समोरून ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) जाळीला लागतो का तेही पाहायला हवं.

५. डब्यावर ३०० वॉट लिहिलंय. माझ्या डेकला चालेल का?

तो आकडा विसरा. ‘आरएमएस’ (सतत झेपणारी ताकद) लिहिलेला आकडा शोधा, तो साधारण ३० ते ६० वॉटच्या मधे सापडेल. डेकवर ‘५० बाय ४’ लिहिलेलं असलं तरी सतत मिळणारी ताकद चॅनेलमागे १५ ते २० वॉट असते.

डेकवरच चालवायचं असेल तर वॉटपेक्षा सेन्सिटिव्हिटी महत्त्वाची. ठराविक ताकदीत किती आवाज निघतो ते हा आकडा डेसिबलमध्ये सांगतो. ३ डेसिबल जास्त म्हणजे तेवढाच आवाज निम्म्या ताकदीत. ९१-९२ डेसिबलचा साधा स्पीकर डेकवर मोकळा वाजतो. ८७ डेसिबलचा महागडा स्पीकर मात्र अॅम्प्लिफायरशिवाय (ताकद वाढवणाऱ्या वेगळ्या पेटीशिवाय) दबका वाटतो आणि मग माणूस आवाज वाढवत जातो. डेकची ताकद संपली की लहरींचे माथे कापले जातात आणि त्या विकृत आवाजाने ट्वीटर जळतो. कमी ताकदीच्या डेकवरही स्पीकर जळतात ते यामुळे. पूर्ण आवाजाच्या तीन-चतुर्थांशच्या वर डेक सहसा नेऊ नका.

६. कोअॅक्सियल घेऊ की कंपोनंट?

कोअॅक्सियलमध्ये ट्वीटर वूफरच्या (खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरच्या) मध्यावरच असतो. दोन वायर जोडल्या, काम झालं. कंपोनंटमध्ये ट्वीटर वेगळा बसतो आणि वरचे-खालचे सूर वेगळे करणारी क्रॉसओव्हरची डबी लागते. ट्वीटर डॅशबोर्डच्या कोपऱ्यात किंवा आरशाच्या त्रिकोणात आला की आवाज पायाशी न राहता समोर येतो, फरक ऐकू येण्याइतका असतो. अॅम्प्लिफायर लावणार असाल तर कंपोनंट घ्या. फक्त डेकवर चालवणार असाल तर चांगला कोअॅक्सियल पुरे. क्रॉसओव्हरची डबी दाराच्या आत पाण्यात ठेवू नका, डॅशखाली ठेवा. खांबात कर्टन एअरबॅग असलेल्या गाडीत तिथे ट्वीटर बसवायचा नाही.

७. बजेट कमी आहे. आधी पुढचे बदलू की मागचे?

पुढचे. ऐकणारे पुढे बसतात. मागचे जुने वाजत असतील तर तसेच ठेवा आणि फेडर थोडा पुढे घ्या. उरलेले पैसे दोन पुढच्या दरवाजांच्या डॅम्पिंगला, म्हणजे पत्र्याची थरथर दाबायला, लावा (प्रश्न ११). चार स्वस्त स्पीकरपेक्षा दोन चांगले आणि घट्ट बसवलेले, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

८. दाराचं पॅड न मोडता कसं काढायचं?

आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. डेकला कोड लागत असेल तर तो हाताशी आहे ना, हे त्याआधी पाहा. मग पकडायच्या कठड्यातले, आतल्या कडीमागचे आणि कडेचे स्क्रू काढा. काही स्क्रू छोट्या प्लास्टिकच्या टोपीखाली लपलेले असतात.

हाताने फिरवायच्या काचेचं हँडल बऱ्याच जुन्या गाड्यांत घोड्याच्या नालेच्या आकाराच्या तारेच्या क्लिपने धरलेलं असतं. जुन्या सुती कापडाची पट्टी हँडल आणि पॅडच्या मधे सरकवा आणि दोन्ही टोकं धरून करवतीसारखी इकडून तिकडे ओढा. क्लिप कापडात अडकून टणकन उडते, म्हणून वर दुसरा हात धरा. हँडल कुठल्या दिशेला होतं त्याचा फोटो काढून ठेवा. परत लावताना क्लिप आधी हँडलमध्ये बसवायची आणि मग हँडल दांड्यावर दाबायचं.

पॅडच्या कडेच्या प्लास्टिक क्लिपा खालून सुरू करून एकेक सोडवा, उचकटायची पट्टी क्लिपच्या अगदी जवळ घाला. उन्हाने वाळलेल्या क्लिपा तुटणारच, तेव्हा काम काढण्याआधी त्याच गाडीच्या आठ-दहा क्लिपा आणून ठेवा. पॅड वर उचलूनच सुटतं. ओढून लगेच बाजूला नेऊ नका, मागे स्विचचे कपलर आणि कडीची सळई असते.

९. बसवताना नेमका क्रम काय?

जुना स्पीकर रिव्हेटने बसवलेला असेल तर रिव्हेटची डोकी ड्रिलने उडवा. पत्र्याचा कीस उडतो आणि तो चुंबकाला चिकटून कॉइलच्या फटीत जातो, त्यामुळे नवा स्पीकर तोवर डब्यातच बंद ठेवा. काम झालं की दाराचा तळ व्हॅक्यूमने साफ करा. उघडा पडलेला पत्रा प्रायमरने रंगवा. खाऱ्या हवेत दुर्लक्षित भोकाचा गंज पसरत जातो.

स्पेसर रिंग लागणार असेल तर प्लास्टिकची किंवा मरीन प्लायची घ्या. साधी एमडीएफ पावसाळ्यात फुगते आणि स्क्रूची पकड सुटते. रिंग आणि पत्रा, तसंच रिंग आणि स्पीकर, यांच्या मधे फोमची पट्टी लावा. इथे फट राहिली की स्पीकरच्या मागची हवा पुढे येते आणि बेस तिथेच मरतो. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, नाहीतर सांगाडा पिळतो.

जोडाला सोल्डर करा किंवा बरोबर मापाची थिंबल (वायरच्या टोकावर दाबायची धातूची टोपी) दाबा, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसती वायर पिळून टेप गुंडाळलेला जोड जूनमध्ये हिरवा पडतो. पॅड लावण्याआधी बॅटरी जोडून पाच मिनिटं वाजवून पाहा, काच दोनदा खाली-वर करा.

१०. दारात पाणी येतं, मग स्पीकर खराब होणार नाही का?

दारात पाणी येणं हे ठरलेलंच आहे. काचेवरचं पाणी बाहेरच्या रबरातून आत उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं. बिघडतं तेव्हा, जेव्हा ही भोकं माती-पाल्याने बुजतात किंवा पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा फाटतो.

पॅड काढलेलं असतानाच काच वर करून बाहेरून एक तांब्या पाणी काचेवर सावकाश ओता आणि टॉर्च लावून आत पाहा. धार चुंबकावर पडते का, पत्र्यावरून सरकते का, तळाला साचतं का, सगळं दिसतं. तळाची भोकं केबल टायच्या टोकाने मोकळी करा. धार चुंबकावर पडत असेल तर स्पीकरच्या वर अर्धगोल टोपीसारखी प्लास्टिकची पट्टी चिकटवा. पूर्ण बंद फोमची वाटी लावलीत तर तिच्या तळाला भोक पाडा, नाहीतर तिच्यातच पाणी साचेल आणि बेसही आखडेल.

प्लास्टिकचा पडदा परत लावताना ब्युटाइल (चिकट रबरी) टेप वापरा. त्याची खालची कड पत्र्याच्या फटीच्या आत गेली पाहिजे, म्हणजे त्यावरून ओघळणारं पाणी परत दारातच पडतं. मेकॅनिक पडदा फेकून देत असेल तर थांबवा. पडद्याविना पाणी पॅडमध्ये मुरतं, पॅड फुगतं आणि मॅट कुजते.

११. डॅम्पिंग शीट खरंच लागते का?

जुन्या छोट्या गाडीत लागते. पत्रा पातळ असतो, आणि घोडबंदर रोडवर असो की ठाणे-बेलापूर रोडवर, रस्त्याचा आवाज बेसला गिळतो. ब्युटाइलची २ मिलिमीटर शीट घ्या. डांबरी शीट मे महिन्याच्या उन्हात मऊ पडते, सुटते आणि वास मारते. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, स्पीकरच्या मागे आणि मोठ्या सपाट भागाच्या मधोमध तुकडे लावा. साधारण चौथा भाग झाकला तरी थरथर बरीच कमी होते. दार पूर्ण मढवलं तर वजन वाढतं आणि जुन्या बिजागऱ्या लोंबतात. तळाची भोकं झाकू नका.

पत्रा आधी थिनरने पुसून कोरडा करा, शीट रोलरने दाबा. हे काम ऑक्टोबर ते मे या काळात करा. भर पावसात पत्र्याला ओल धरते आणि शीट चिकटत नाही.

१२. डेकच्या वायरचे रंग कसे ओळखायचे?

बाजारातल्या डेकच्या कपलरला सहसा हे रंग असतात. पांढरा पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवा मागचा डावा, जांभळा मागचा उजवा. त्याच रंगावर काळी रेघ असलेली वायर निगेटिव्ह. पिवळी कायमची बॅटरी, लाल चावीवरची, काळी अर्थ (बॉडीला जोडायची), निळ्यावर पांढरी रेघ अॅम्प्लिफायर सुरू करणारी. हे रंग डेकच्या बाजूचे झाले. गाडीच्या बाजूचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात. जुन्या गाडीत ते मधेच कुणीतरी बदललेलेही असतात, म्हणून तिथे १.५ व्होल्टच्या सेलने खात्री करा. सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसवर आहे. स्पीकरच्या टर्मिनलमध्ये बहुधा रुंद पट्टी प्लसची असते.

१३. नवे स्पीकर लावले आणि बेसच गेला. फसवणूक झाली का?

बहुतेक वेळा एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं लागलेलं असतं. एक कोन बाहेर येताना दुसरा आत जातो आणि खालचे सूर एकमेकांना मारतात. बॅलन्स पूर्ण डावीकडे नेल्यावर बेस वाढला आणि मध्यावर आणल्यावर घटला, तर हेच कारण. एकाच बाजूची वायर उलटी करा. तरीही फरक पडला नाही तर प्रश्न ९ मधली फट शोधा.

१४. अॅम्प्लिफायर लावायचा तर काय काय लागतं?

चार चॅनेलला ५० वॉट आरएमएसचा एबी क्लास अॅम्प्लिफायर जोरात वाजताना २५ ते ३० अँपिअर ओढतो. त्याला ८ गेजची शुद्ध तांब्याची केबल आणि ४० अँपिअरचा फ्यूज लावा. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो अॅम्प्लिफायरजवळ लावला तर मधली केबल पत्र्यावर घासून शॉर्ट झाल्यावर आग थांबवायला काहीच उरत नाही. बोनेटखालच्या पत्र्यातून केबल नेताना रबरी ग्रोमेट घाला. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम येतं. टोक चाकूने खरवडा, आत चंदेरी दिसलं तर परत करा.

अर्थ ४५ सेंटिमीटरच्या आत, रंग खरवडून, बोल्टने. हॉर्न किंवा हेडलाइटच्या फ्यूजमधून वीज चोरू नका, गाडीचं पासिंग जवळ आलं असेल तर अजिबात नाही.

१५. इंजिन वाढवलं की स्पीकरमधून शिट्टी येते. ती कशी घालवायची?

अल्टरनेटरचा आवाज आहे. आधी अॅम्प्लिफायर आणि डेक दोघांचे अर्थ तपासा. गंजलेला किंवा रंगावर आवळलेला अर्थ हे पहिलं कारण. मग डेककडून येणारी सिग्नलची आरसीए केबल पॉवर केबलच्या दुसऱ्या बाजूने ओढा. हे दोन्ही करून शिट्टी राहिली तरच फिल्टरचा विचार करा.

१६. कंपनीचा ट्वीटर तसाच ठेवून दारात कोअॅक्सियल लावला तर?

आवाज कर्कश होतो. कंपनीचा ट्वीटर बहुधा दारातल्या स्पीकरलाच समांतर जोडलेला असतो, मधे फक्त एक कपॅसिटर. कोअॅक्सियल लावल्यावर दोन ट्वीटर वाजतात आणि वरच्या सुरांत ओहमही उतरतात. जुना ट्वीटर सोडवून ठेवा. याउलट दारातले छोटे ४ इंची स्पीकर बेसने फाटत असतील तर प्लसच्या वायरमध्ये ३३० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर घाला. ४ ओहमला तो साधारण १२० हर्ट्झच्या खालचा बेस अडवतो. २२० मायक्रोफॅरड घातला तर १८० हर्ट्झच्या खालचा.

१७. माझ्या जुन्या गाडीत स्पीकरला एकच वायर आहे, दुसरी बॉडीला. नवा डेक चालेल?

तशा वायरिंगवर नाही. आजच्या डेकमध्ये प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरवर व्होल्टेज असतं. त्यातली निगेटिव्ह बॉडीला लागली की डेक प्रोटेक्टमध्ये जातो किंवा आतली आयसी जळते. प्रत्येक स्पीकरसाठी डेकपासून दोन स्वतंत्र वायर ओढाव्याच लागतात. १ चौरस मिलिमीटरची वायर पुरे. दोन स्पीकरचे निगेटिव्ह एकत्र जोडणंही तितकंच घातक.

१८. दाराला स्पीकरची जागाच नाही. मागच्या ट्रेवर ओव्हल लावू का?

मारुती ८०० सारख्या गाड्यांत लोक तेच करतात. पण डिकीबरोबर उचलला जाणारा पुठ्ठ्याचा ट्रे जड ओव्हलला पेलत नाही, फडफडतो आणि जोरात ब्रेक मारला तर उडून पुढे येतो. १२ मिलिमीटर प्लायचा ट्रे करून तो बॉडीला बोल्टने आवळा. वायरला सुटणारा कपलर द्या, म्हणजे ट्रे काढता येतो. मागच्या काचेतलं ऊन थेट पडतं, इथे कागदी कोन नको आणि जाळी हवीच.

१९. जुने स्पीकर दुरुस्त होतात का?

काठ सडला असेल आणि कॉइल चांगली असेल तर होतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर स्पीकरचे सुटे भाग विचारून पाहा. चांगल्या चुंबकाच्या जुन्या स्पीकरला रबरी काठ बसवून घेणं परवडतं. कॉइल घासत असेल तर पैसे घालू नका. वापरलेले स्पीकर घेतले तर प्रश्न १ मधली चाचणी विक्रेत्यासमोरच करा.

२०. पावसात गाडीत पाणी शिरलं, स्पीकर बुडाले. वाजवून पाहू का?

नाही. आधी बॅटरी सोडा. स्पीकर काढून गोड्या पाण्याने अलगद धुवा, विशेषतः खाडीचं पाणी असेल तर, कारण मीठ कॉइलच्या फटीत राहिलं की गंज धरतो. सावलीत, पंख्याखाली, कोन खाली करून चार-पाच दिवस वाळवा. हेअर ड्रायरने गोंद सुटतो. वाळल्यावर मल्टिमीटर आणि बोटांची चाचणी (प्रश्न १). पॉलिप्रॉपिलीनचे कोन बरेचदा वाचतात, कागदी सहसा वाकडे होतात. सीटखालचा अॅम्प्लिफायर बुडाला असेल तर उघडून साफ केल्याशिवाय त्याला वीज देऊ नका. परत बसवताना तो जमिनीवर न ठेवता सीटच्या मागच्या बाजूला प्लायवर उंच लावा.